कडी काढून दे

दुपारी भाकरी पोटात गेली की मला दारं दिसायला लागतात. झोप लागलेली नसते, डोळेही पुरते मिटलेले नसतात, आणि एकेक दार येऊन समोर उभं राहतं. गाव नंतर आठवतं, माणूस त्याच्याही नंतर. आधी आठवते ती मूठ. डोक्याला नाही, तळहातालाच आठवते. कळंबच्या बाजारपेठेतली पितळी मूठ, मधोमध झिजून चिंचोक्यासारखी गुळगुळीत झालेली. धाराशिवच्या कर्मचारी वसाहतीतलं ॲल्युमिनियमचं हँडल, हलकं, पोकळ, उन्हाळ्यात चटका देणारं. तेरच्या जुन्या दारावरची लोखंडी मूठ, थंडीत सकाळी धरली तर हात सोडायलाच तयार नसलेली. हात उघडा टाकून मी पडलेली असते आणि ही सगळी दारं आपापल्या मुठी माझ्या हातात देऊन जातात. घरचे म्हणतात, पोरगी झोपेत मुठी आवळते, कुणाशी भांडते काय की.

भांडतेच. माझा धंदाच तो आहे. कळंबची मी, बौद्ध घरातली, आयटीआयला सुतारकाम शिकलेली. संघटनेची पत्रकं लिहिते आणि घरोघर जाऊन दाराच्या मुठी, कड्या, कुलपं बदलून देते. ही दोन्ही एकच कामं आहेत असं माझं म्हणणं. या अंकाच्या संपादकांना ते पटलेलं नसावं, कारण त्यांनी 'पत्रक नको, अनुभव पाठवा' असं बजावून सांगितलंय. प्रयत्न करते. मध्येच एखादं पत्रक निघालं तर तेवढं तसंच राहू द्या.

आधी धंद्याचं थोडं. 'मूठ मोडली' म्हणून फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा मूठ मोडलेली नसतेच. ती धरणारं लाकूड थकलेलं असतं. रोजच्या ओढाओढीनं स्क्रूची भोकं सैल होतात, मूठ डुगडुगते, घरातला कर्ता पुरुष सुरीच्या टोकानं स्क्रू पिळतो, तो आणखी सैल होतो, आणि मग एक दिवस मूठ हातात येते. नवी आणून त्याच भोकांत बसवली तर तीही महिन्याभरात डुगडुगणार. काडीपेटीतल्या काड्या घ्यायच्या, गुल काढून टाकायचा, सरस लावून त्या भोकात ठासायच्या आणि सुकू द्यायच्या. मग जुनाच स्क्रू असा काही धरतो की काढताना घाम फुटतो. एवढंच. पण हे 'सुकू द्यायच्या' कुणाला जमत नाही. लोकांना वाटतं बाई रिकामी बसलीय. मी बसते. भिंतीला टेकून उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून सरकताना बघते. माझ्या नोकरी करणाऱ्या मैत्रिणींच्या नोकरीत हे बसणं नाही.

आता पत्रक. आमच्या भागात नवी घरं झाली, दोन खोल्यांची, रंगवलेली. मी दारं बघत हिंडले. बाहेरून मूठ, बाहेरून कडी, बाहेरून कोयंडा. आतून काय? काहीच नाही. ठेकेदाराला गाठलं तर म्हणतो, "ताई, चोर बाहेरून येतो की." अहो, बाहेरून येतो म्हणूनच आतून कडी लागते! बाहेरची कडी घरातल्या सामानाची राखण करते. घरातल्या माणसाची राखण आतली कडी करते. सामानाची काळजी सगळ्यांना आहे. बाईनं आत बसून अंग पुसावं, दोन ओळी वाचाव्यात, रडावं, नुसतं छताकडं बघावं, तेवढ्या वेळात कुणी दार ढकलू नये, ही काळजी कुणाच्या नकाशात नाही.

म्हणून मी पत्रक काढलं. वर ठळक अक्षरात: 'आतून कडी लावा!' कळंबच्या स्टँडवर वाटत होते. एका म्हाताऱ्यानं चष्मा वर करून वाचलं आणि भर गर्दीत मला झापलं.

"दिवसाढवळ्या कड्या लावून बसायचं सांगतीस व्हय बायांना? मग भाकरी कोण थापायची, तू?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी डोक्याला हात लावला. दारावर कडी बसवणं म्हणजेही कडी लावणं, आणि ती घालून दार बंद करणं म्हणजेही कडी लावणंच. मी म्हणत होते बसवा, लोक वाचत होते कोंडून घ्या. उरलेले गठ्ठे हार्डवेअरच्या दुकानात दिले. अजून तिथं स्क्रू त्याच कागदात बांधून मिळतात. चळवळ अशी पुडीतून का होईना पसरते.

गिऱ्हाइकांचे मासले सांगायचे तर पान पुरणार नाही. एकच सांगते. बाजारपेठेतलं मोठं घर. बाईंनी मला उंबऱ्याबाहेर उभं करून आडनाव विचारलं. सांगितलं. त्यांचा चेहरा दारासारखाच अर्धा लोटला गेला. पण मूठ तर हातात आलेली, पाहुणे दारात यायचे, दुसरं कुणी एका मुठीसाठी येईना. मी बसवून दिली. जिना उतरताना मागं बघितलं, तर बाई ओल्या फडक्यानं नवी मूठ पुसत होत्या. खालून वर, वरून खाली. मी परत वर गेले. म्हणलं, "काकू, वरून किती पुसताय? आतले स्क्रू पण माझ्याच हातानं पिळलेत, ते काढून पुसता का? पेचकस देते." त्यांनी दार लावून घेतलं. माझ्याच मुठीला धरून लावलं, हे मात्र मी बघितलं. दुपारी दारं येतात त्यात ते दारही येतं. त्याला मी मागच्या रांगेत उभं करते.

पण सगळ्यात पुढं येऊन उभं राहतं ते तेरचं दार. सोजरमावशीचं.

सोजरमावशी अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा गेल्यावर एकटीच राहायची. मुलगा मिलिंद पुण्यात कंपनीत. नवरा गेला आणि तिचं घर चावडी झालं. ज्याला वाटेल तो यायचा, दार ढकलायचा, बाजेवर बसायचा आणि 'घराचं काय करायचं ठरवलंस' म्हणून विचारायचा. दाराला आतून कडी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून नव्हती. माझं पत्रक तिच्या हाती पडलं आणि तिनं ते अगदी बरोबर वाचलं. मला बोलावून घेतलं, जाड लोखंडी कडी बसवून घेतली, माझ्यासमोर घालून बघितली. खट्ट. पुन्हा काढली, पुन्हा घातली. खट्ट. दुसऱ्या दिवशी फोन केला: "पोरी, काल पोटभर झोपले बघ. जेवल्यागत." तेव्हापासून ती आवाज ऐकल्याशिवाय झोपत नसे. कडी म्हणाली खट्ट, की डोळे मिटायचे. इतकं साधं.

त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"कडी काढून दे, बाई. आजच ये. मिलिंद यायच्या आत."

मला वाटलं, कडी गंजली, अडकून बसली, निघत नाही. तेलाची बाटली घेतली, पक्कड घेतली, रोजची पिशवी खांद्याला लावली आणि धाराशिवला जाऊन तेरची गाडी पकडली. थंडीचे दिवस. ज्वारी निसवलेली, करडई अजून बुटकी. खिडकीतून असं कोवळं ऊन येत होतं की गाडी रस्त्यावरून चाललीय की त्या उन्हावरून, कळत नव्हतं. माझ्या शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी तिला उठवलं नाही. कुणाचं घर कुठं आणि कुणाची झोप कुठं.

मावशीकडं पोचले तर दार सताड उघडं. बाहेरची जुनी मूठ जागेवर नाही, तिथं नुसती दोन भोकं आणि फाटलेलं लाकूड. मावशी बाजेवर, पायाला पट्टी, डोळे खोल गेलेले.

"मावशी, कडी अडकली म्हणालात ना?"

"अडकली कोण म्हणलं? काढून दे म्हणलं."

"काढलेलीच आहे की. दार उघडं आहे."

"तशी न्हाय वं! मुळासकट काढ. दारावरनं काढ. घेऊन जा तुझी तू."

तिकडं 'लावा'नं दगा दिला होता, इकडं 'काढ'नं दिला. मी तेल घेऊन आलेले आणि बाईला पेचकस पाहिजे होता.

मी तिथंच तापले. म्हणलं, कुणी सांगितलं? कुणाच्या डोळ्यात खुपली? नाव सांगा. मावशी शांतपणे पाय चोळत राहिली. मग शेजारच्या गिरणीचे सलीमचाचा आले, अंगावर पिठाचा पांढरा थर, आणि झालेलं त्यांनी सांगितलं. चार दिवसांमागं सकाळी मावशी आत घसरून पडली. कडी घातलेली. पाय मुरगळला, उठता येईना, कडीपर्यंत हात पोचेना. हाका मारत होती, पण शेजारी गिरणी चालू.

"मेरेकू क्या मालूम," चाचा म्हणाले, "मी आपला दळतोय. लाईट गेली, गिरणी थांबली, तवा आवाज आला. लाईट गेली नसती तर बेटा…"

चाचांनी दार हलवलं, ढकललं, मूठ धरून हिसके दिले. मूठ हातात आली, दार नाही हललं. शेवटी पत्र्यावर चढले, दोन पत्रे सरकवले आणि आत उतरले.

"उतरले न्हाय, पडले," मावशी बाजेवरून म्हणाली. "दोघं बी भुईवर. मी म्हणलं, चाचा, आता आपल्या दोघांना उचलायला कोण येतंय?"

"भाभी, मैं तुमको बचाने आया था!"

"आला होता ना? मग कडी काढायची सोडून आधी अंगावरचं पीठ कशाला झटकत बसला?"

दोघं हसले. मला हसू येईना. हे मिलिंदला कळलं होतं. तो आज गाडी करून येत होता, आईला पुण्याला न्यायला. फोनवर म्हणाला होता: आतून कडी लावणारी एकटी बाई, मी इकडं रात्रभर जागा. तू तिथं राहायचीच नाहीस.

"म्हणून म्हणते काढ," मावशी म्हणाली. "कडीच न्हाय म्हणल्यावर तो काय बोलणार? ऱ्हाऊ देईल मला."

"आणि झोपायचं कसं? चार दिवस झोपलात का?"

तिनं मान हलवली, नाही. पडल्यापासून कडी घालायची तिला भीती, आणि न घालता डोळा लागत नव्हता.

"पुण्याला तरी कुठं झोप येती मला," ती मग म्हणाली. "लेक गुणाचा हाय, सून गुणाची हाय. पर तिथलं दार माझं न्हाय. बेल वाजली की मी खुर्चीत पाय वर घेऊन बसते. कुणाच्या मधी यायला नको. इथं कसं, कुणी आलं तर मी विचारते, कोण हाय? तिथं मलाच विचारत्यात, कोण आलंय?"

मी कडीवर हात ठेवला. माझ्याच हातानं बसवलेली, एकही स्क्रू सैल नाही. आणि माझ्या ध्यानात आलं की भांडायला इथं कुणीच नाही. मुलगा म्हणतो दार बाहेरून उघडलं पाहिजे, तोही बरोबर. आई म्हणते आतून बंद झालं पाहिजे, तीही बरोबर. पत्रकात अशा वेळी काय लिहायचं असतं, मला कुणी शिकवलेलं नव्हतं. सुतारकामात मात्र याला उत्तर आहे. दाराच्या जाडीत बसणारं कुलूप. दोन्ही बाजूंना दांडीची मूठ, आतून फिरवायला खुंटी, बाहेरून किल्ली. आतल्यानं खुंटी फिरवली की दार बंद, ढकलून उघडत नाही. पण बाहेर ज्याच्याकडं किल्ली आहे त्याला पत्र्यावर चढावं लागत नाही. शहरात घरोघर असतं. आपल्याकडं म्हातारीच्या दाराला कोण लावतंय? म्हातारीच्या दाराला साखळी पुरते, असा आपला हिशोब!

मूठ दांडीचीच हवी, हेही सांगून ठेवते. गोल मूठ दिसायला छान, पण ती पंजात आवळून पिळावी लागते. सुजलेल्या बोटांना ते होत नाही. दांडी कोपरानंही दाबता येते, हातात घागर असली तरी.

तेरच्या दुकानात असं कुलूप एकच होतं, धुळीत बसलेलं, आणि ते निघालं डाव्या दाराचं. दारांनाही डावं-उजवं असतं. बिजागऱ्या कोणत्या बाजूला, दार आत उघडतं की बाहेर, त्यावर ते ठरतं. कुलपाची पुढं येणारी जीभ एका बाजूनं तिरकी घासलेली असते, तिरकी बाजू चौकटीला आधी लागली तरच दार नुसतं ओढून बंद होतं. उलटी बसवली की दार चौकटीला धडकून परत येतं. मावशीचं दार उजवं. दुकानदार म्हणाला, "दार उलटं करा की." मी कुलूप घेतलं, ओट्यावर बसून उघडलं, जीभ बाहेर काढली, फिरवून परत घातली. काही कुलपांत ते जमतं. हे जमणारं होतं.

मशीन मी आणलंच नव्हतं, मी तर तेल घालायला आलेले. गल्लीतल्या सुताराचा गिरमिट मागून आणला, हातानं फिरवून भोक पाडायचा. आणि मग सुरू झालं ते काम ज्याच्यासाठी मी हा धंदा करते. सागवानी दार, जुनं. गिरमिट फिरतो, भुगा पडतो, आतून असा वास येतो की झाड अजून विचारात आहे. एका ओळीत भोकं पाडायची, मधलं लाकूड पटाशीनं हळूहळू काढायचं. घाई केली की फळी चिरते. गिरणी थांबलेली. ऊन उंबऱ्यावर. मावशी बाजेवर आडवी, जागी, पण आवाज दूरून यावा तसा.

"चार दिवस एकच दिसतंय बघ," ती म्हणाली. "डोळा लागल्यागत होतं, आणि हे दार चौकटीतनं उठतंय. उठून नदीला चालतंय. मी मागं मागं. म्हणते, अगं थांब, घर उघडं टाकून कुठं निघालीस? ती काय ऐकती. पाण्यात उतरती आणि तरंगत जाती."

"दार ती आहे की तो?"

"माझं दार बाईच हाय. आणि तेरच्या जुन्या देवळाच्या इटा पाण्यावर तरंगत्यात तर दार न्हाय व्हय तरंगायचं?"

मी पटाशी थांबवली. दाराच्या पोटात आरपार पोकळी झाली होती, त्यातून मला गल्ली दिसत होती, आणि गल्लीत एक पांढरी गाडी येऊन थांबत होती.

मिलिंद. शर्ट खोचलेला, डोळे लाल. आत येऊन आईच्या पायाशी बसला, पट्टी बघितली. मग दाराला पडलेलं भगदाड बघितलं, मग मला.

"जय भीम, दादा," मी म्हणलं.

"तुम्हीच ना त्या? 'आतून कडी लावा'?"

"बसवा, असं म्हणायचं होतं."

"त्या कडीनं माझी आई मेली असती."

मी भांडायला कायम तयार असते. स्टँडवर, तहसीलसमोर, पोलिसांसमोर. पण त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. चार दिवस तो जागा होता. आईसारखाच.

"कडीला एकच बाजू होती," मी म्हणाले. "आता दोन बाजूंचं करतेय. बसा थोडं."

"बसायचं न्हाय. आई, आवर. गाडी उभीय."

"बाईचं काम अर्धं हाय," मावशी म्हणाली. "दाराला भोक पाडून ठेवलंय. असं टाकून निघू व्हय? आत कुत्री यायची."

"चाचा बघतील."

"चाचा!" मावशीनं हाक दिली. "तुम्ही बघता का?"

"मी न्हाय बघत," चाचा गिरणीतूनच ओरडले. "मेरा कमर टूटा है."

मिलिंद ओट्यावर जाऊन बसला. मी कुलूप पोकळीत सरकवलं. दोन्हीकडून दांड्या लावल्या, चौकटीत जीभ शिरायला खाच काढली. जुनी कडी उतरवली, तिच्या भोकांत काड्या ठासल्या. मावशी बघत होती. दार लोटून ओढलं, ते बसलं. खुंटी हळूच फिरवली, जीभ चौकटीत शिरली.

"आवाजच न्हाय हिला," मावशी म्हणाली.

तिचा चेहरा पडला. कुलूप बंद झालं होतं, आणि तिच्या कानाला ते झालेलंच नव्हतं. मुलगा आता हो म्हणेल न म्हणेल, पण बाई झोपणार नसेल तर मी तिला काय दिलं? पुण्याला काय, तेरला काय, जागीच राहणार. मी खुंटी पुन्हा धरली, उघडली, आणि मग आठवलं की खुंटीची ही सरळ जीभ दोन फेऱ्यांची आहे. एका फेरीत निम्मी बाहेर, दुसरीत पुरी. मी तिला आधार देऊन दारापाशी आणलं आणि तिचा हात खुंटीवर ठेवला.

"थांबू नका. पुढं फिरवा."

खट. खट.

मावशीनं मान वाकडी करून ऐकलं. उघडलं. पुन्हा केलं. खट. खट.

"दोनदा म्हणती," ती म्हणाली. "ही जास्तीची बोलकी दिसती."

मग तिनं लेकाला आत बोलावलं. "हे बघ. तुला बाहेरनं उघडलं पायजे ना? ही घे किल्ली. मी आतनं लावते आणि बाजेवर पडते, त्या दिवशी पडले होते तशी. हाक मारते. तू उघडून दाखव. उघडलं न्हाय तर गाडीत बसते, एक सबूद बोलायची न्हाय."

"आणि उघडलं तर?"

"मग तू बोलायचं न्हाय."

आम्ही दोघं बाहेर आलो. दार मिटलं. खट, खट. आतून बाज करकरली.

आम्ही थांबलो. मिलिंद किल्ली हातात धरून उभा. गल्लीत कोंबड्या, गाडीवाला मोबाइल बघत. सलीमचाचा गिरणीच्या दारात येऊन उभे. हाक येईना. मी दाराला कान लावायला पुढं झाले, तसा तो आडवा आला.

"आई?" तो म्हणाला.

काही नाही.

"आई!"

तो कुलपाशी वाकला. किल्ली भोकात जाता जाईना. गेली तर त्यानं उलटी फिरवली. मी तोंड उघडलं, पण त्यानं तोवर फिरवली बरोबर, एक फेरी, दुसरी, दांडी दाबली, आणि दार उघडलं. नुसतं, आवाज न करता, आत गेलं.

मावशी बाजेवर, कुशीवर, हाताची उशी करून. तोंड थोडं उघडं. पदर श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता. ती घोरत होती. बारीक, एकसारखं.

मिलिंद उंबऱ्यात उभा राहिला. आत गेला नाही. मग त्यानं दांडी धरून दार ओढून घेतलं, आणि दांडी सोडताना हळूहळू वर येऊ दिली, खट्ट होऊ नये म्हणून. ओट्यावर येऊन बसला. गाडीवाल्यानं हॉर्न दिला तशी त्यानं तोंडावर बोट ठेवून हात हलवला. सलीमचाचांनी गिरणीचं बटण दाबायला नेलेला हात मागं घेतला.

मी उकिडवी बसून हत्यारं गोळा करत होते. एकेक करून, पटाशी फडक्यात, हातोडी त्याच्यावर, कशाचा कशाला धक्का लागू न देता. त्यानं किल्ली वरच्या खिशात टाकली, परत काढून बघितली, परत टाकली.

"न्यायचं नाही मग?" मी कुजबुजले.

"कशाला?" तो म्हणाला. "उघडतंय की दार."